उजव्या कार्डाचा इशारा

स्क्रीनच्या काचेवर नखाने टकटक करून ते विचारत, "भाऊ, वाचलं का?" बीडच्या आमच्या सायंदैनिकात सगळे त्यांना सर म्हणत. रोज वडवणीहून एसटीने येत.

पानं लावायच्या संगणकाला दोन स्क्रीन होत्या, दोन ग्राफिक्स कार्डं. ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सरांनी सी भाषेत स्वतः लिहिला होता. कुठे काही बिघडलं की 'धोका' एवढाच शब्द उमटे. कोणतं कार्ड, काय झालं, काही नाही. तासाभरात कितीदा तरी तोच शब्द. आम्ही न वाचता एंटर दाबायचो. तुम्हीही दाबला असता.

जाहिरातींचं एक पान असंच, सेव्ह न होता गेलं. मालक सरांना म्हणाले, "ते धोका-धोका बंद करा. आणखी एक पान गेलं तर तुम्ही घरी."

"बंद केलं तर कळंल कसं, मालक? वरडायचं तर नाव घिऊन वरडावं. अन् एकदाच."

आठ दिवस सर मॅक्रो सुधारत बसले. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ड्रायव्हरमध्ये जागोजागी वापरलेली इशाऱ्याची ओळ. सरांनी प्रत्येक ठिकाणी कार्डाचं नाव आणि कारण घातलं. एकदा दिलेला इशारा पुन्हा येणार नाही, अशी सोय केली. डबा बरेचदा तसाच परत नेत.

"घरी सांगितलं न्हाई अजून," एकदा म्हणाले. "लई भ्या वाटतंय, भाऊ."

नवव्या दिवशी दुपारी ते चहाला खाली गेले. पहिल्या पानावर मी बसलो होतो. इशारा उमटला. माझं बोट सवयीने एंटरवर गेलं. ओळ नेहमीपेक्षा लांब होती, हे ती गेल्यावर लक्षात आलं. पुन्हा ती आली नाही. दहा मिनिटांनी स्क्रीन काळी पडली. पान गेलं.

सर धावत वर आले. "इशारा आलता का, भाऊ?"

मालक माझ्या मागेच उभे होते.

"नाही," मी म्हणालो.

सरांनी लगेच विश्वास ठेवला. "मंग चूक माझीच हाय."

मालकांनी संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलं. सर तोवर कोड छापून ओळ न् ओळ तपासत राहिले. शेवटची एसटी गाठायला उठले, तेव्हा कागद तिथेच राहिले.

वरच्या कागदावर एक ओळ होती: 'उजवं कार्ड. मेमरी संपत आली. पान सेव्ह करा.' तिच्याखाली पेन्सिलीच्या तीन रेघा. समासात लिहिलं होतं, 'का आला न्हाई?'