खोली कुठून मोजायची

नियमात 'शक्यतो' हा शब्द दिसला की माझे डोके फिरते. ज्याने तो लिहिला त्याने पुढच्या माणसासाठी मागचे दार उघडे ठेवलेले असते, आणि पुढचा माणूस त्या दारातून जातोच. आयुष्यभर मी अशा शब्दांवर पत्रे लिहीत आलो आहे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीची टाकी 'वेळोवेळी' धुतली जाईल असे करारात आहे. ती वेळ कोणती, हे मी व्यवस्थापनाला अनेकदा विचारले. उत्तर येते की आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. हे उत्तर वाचून येणारा संताप जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही, असा बायकोचा नियम आहे, आणि त्यात 'शक्यतो' नाही.

निवृत्तीचे वय उलटूनही मला इथे आखातात काम आहे ते या स्वभावामुळेच. जबल अलीतल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत मी बसतो. तेल आणि वायूच्या विहिरी खोदणारे ठेकेदार आपला आराखडा आमच्याकडे पाठवतात, आणि तो सुरक्षेच्या व भूजल रक्षणाच्या नियमांत बसतो की नाही, हे मी कलमागणिक तपासतो. मी अभियंता नव्हे. कायदा शिकलो आणि तोच पोटाला पुरला. इतकी कलमे तपासली, पण अशी विहीर खोदली जाताना मी पाहिलेली नव्हती.

वाळवंटाच्या पोटात गोडे पाणी असते, हे मला एका कलमातूनच कळले. पश्चिमेकडे वाळूच्या टेकड्यांखाली फार जुन्या काळच्या पावसाचे पाणी साचून राहिले आहे. त्याखाली घट्ट चिकणमातीचा थर, आणि त्याच्याही खाली खारे पाणी, मिठाचे थर आणि मग ज्यासाठी ही सारी यातायात, ते तेल. कलम असे होते: गोड्या पाण्याच्या थरातून जाताना साधे पाणी आणि मातीच वापरावी, त्या थराच्या तळाखाली, घट्ट मातीत पोचेल एवढा पोलादी पाइप उतरवावा, पाइप आणि जमीन यांमधली पोकळी तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरावी, सिमेंट कठीण झाल्यावर दाब देऊन तपासावे, आणि त्यानंतरच पुढे जावे. कारण पुढे छिद्रात जो दाट द्रव फिरवतात, ज्याला रिगवर, म्हणजे खोदाईच्या मनोऱ्यावर, सगळे 'मड' म्हणतात, तो मिठाने भरलेला असतो. तो पाइपच्या बाहेर गोड्या पाण्याला भेटता कामा नये. हे कलम मला आवडे. ज्याने ते लिहिले त्याला कोणीतरी खारे पाणी पाजले असावे, इतक्या आस्थेने ते लिहिलेले होते.

एका हिवाळ्यात माझ्यासमोर जो आराखडा आला, तो आला तेव्हा काम सुरूही झालेले होते. 'तपासणी समांतर चालू राहील' असे सोबतच्या पत्रात होते. समांतर! पेन्सिल मोडेल एवढ्या जोराने मी त्या शब्दाखाली रेघ ओढली. मग तक्ता पाहिला. एका रकान्यात गोड्या पाण्याच्या तळाची खोली, शेजारच्या रकान्यात पाइपची. पाइप पाण्याच्या तळापेक्षा दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढा, खाली जात होता. नियमात बसत होता. मी खूण करणार, एवढ्यात उगाचच मनात आले की पहिला आकडा पाणी शोधणाऱ्या लोकांनी दिलेला आहे आणि दुसरा तेल शोधणाऱ्यांनी. हे दोघे मोजायला सुरुवात कुठून करतात?

रिगचा प्रमुख चिपळूणकडचा होता. फोनवर त्याची माझी ओळख जुनी. भेट कधी नव्हती.

"काका, खोली म्हणजे खोली. वरनं खाली," तो म्हणाला.

"वर म्हणजे कुठून?"

"वर म्हणजे वरनंच. आता यावरपण पत्र येणार काय?"

मी पत्र लिहिले नाही. कंपनीची गाडी मागितली. कोणत्याही गोष्टीसाठी मी कागद सोडून उठतो, याचे कार्यालयात इतके आश्चर्य झाले की गाडी लगेच मिळाली.

पश्चिमेच्या वाळवंटातल्या लिवाच्या बाजूला जाणारा रस्ता सोडल्यावर कच्च्या वाटेने रिगपर्यंत पोचलो. आधी दिसली ती खजुराची बाग आणि उंटांचे कुंपण. इथे त्याला इज्बा म्हणतात. त्यापलीकडे रिगचा मनोरा. फाटकाशी एक वृद्ध अरब काठी टेकून उभा होता, आणि पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता. बागेचा मालक तोच. माझ्या हातात कागद पाहून तो थेट माझ्याकडे आला. त्याच्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे त्याला हिंदी उत्तम येत होती.

"तू ऑफिस का आदमी है?"

"जी. नियम देखता हूँ."

"नियम ऊपर है, पानी नीचे है," तो म्हणाला. "ये लोग नीचे क्या डालता है, वो देख."

मग त्याने गाडीतून जार काढला आणि पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढे धरले. त्याच्या विहिरीचे. बाटलीतल्या पाण्याला नसते तशी किंचित मातीची चव, पण गोडे. विहीर त्याच्या वडिलांनी काढलेली. तिच्यावर बाग उभी होती आणि उंट पाणी पीत होते. टँकरने हौद भरता येईल, पण टँकरने बाग जगवता येत नाही, असे तो म्हणाला. खाली वाहणारे पाणी रिगकडून त्याच्या विहिरीकडेच येते, हेही त्याला ठाऊक होते.

"खारा हुआ तो खलास. पेड़ भी, मैं भी. दूसरी जगह मैं क्या करेगा इस उमर में?"

मी त्याला नियम समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "तूने देखा, या पढ़ा?"

आत गेल्यावर मला पाहुण्यांचे वेगळ्या रंगाचे शिरस्त्राण दिले गेले. विषारी वायूचा भोंगा कसा वाजतो ते ऐकवले, आणि तो वाजल्यास खांबावरची कापडी पिशवी पाहून वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचे, असे शिकवले. कारखान्यात पळायची दिशा ठरलेली असते. इथे ती वारा ठरवतो. हा नियम कोणाला किती वायू हुंगल्यावर सुचला असेल, याचा मी विचार करत राहिलो.

रिगचा प्रमुख खाली आला. धिप्पाड, मिशीवर वाळू, पन्नाशीचा.

"या काका. प्रत्यक्ष दर्शन! मला वाटलं तुम्ही फक्त लेटरहेडवरच राहता."

"सिमेंट झाले?"

"एक नंबर. टेस्टपण पास. आता पाइपात उरलेलं सिमेंट फोडतोय, जेवण झालं की पुढचं ड्रिलिंग. मिठाचा मड टाकीत तयार आहे."

लोखंडी जिना चढून आम्ही रिगच्या मजल्यावर गेलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. वर पोलादी फरशी, मधोमध गोल छिद्र, आणि त्यातून खाली गेलेला पाइप. कुंपण, बाग, उंट सारे खाली लहान दिसत होते. मी माझा प्रश्न पुन्हा विचारला.

त्याने बुटाची टाच फरशीवर आपटली. "हितनं. ही आमची जमीन. शून्य माझ्या बुटाखाली."

"आणि खालची वाळू?"

"ती खाली आहे. ती कशाला मोजायची?"

"विहिरीची खोली सांगताना कोणी रहाटावरून मोजत नाही."

"पण दोर रहाटावरनंच मोजतात ना काका? नायतर पोहरा पाण्याला टेकायचा कसा?"

त्याचे म्हणणे खरे होते, आणि तेच मला फार कुतूहलाचे वाटले. पाइप इथून मोजून सोडायचा, म्हणून शून्य इथे. त्यात त्याची चूक नव्हती. पाणी मोजणारा माणूस मात्र वाळूवर उभा होता, त्याचे शून्य वाळूवर, आणि त्याचेही बरोबर होते. दोघांचे आकडे कोणीतरी एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवले, आणि दोघांमधली ही लोखंडी उंची तेवढी कोणाच्याच रकान्यात आली नाही.

"हा मजला वाळूपासून किती उंच आहे?"

"असेल पाचएक परस." तो बोलून गेला आणि थांबला.

तक्त्यात पाइप पाण्याच्या तळाखाली दोन परस होता. पाच वजा केले की तो तळाच्या वर तीन परस अडकलेला उरतो. त्या तीन परसांत पोलादही नव्हते, सिमेंटही नव्हते. तिथे मिठाचा मड थेट गोड्या पाण्यात शिरणार होता.

"नाय नाय," तो म्हणाला. "थांबा. माती बघू."

खोदताना वर येणारा चुरा ठरावीक अंतरावर धुऊन लहान पिशव्यांत भरून ठेवतात. भूवैज्ञानिकाच्या कंटेनरमध्ये त्या ओळीने मांडलेल्या होत्या. पाइप जिथे थांबला तिथली, म्हणजे शेवटची पिशवी त्याने फोडली आणि चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. तिथे घट्ट चिकणमाती लागायला हवी होती. मी बोटांनी चोळले. कण टोचत होते. वाळू. त्याने स्वतःही चिमूट घेऊन चोळली, दाताखाली धरली, थुंकली. मग पिशवीवर लिहिलेली खोली पुन्हा वाचली.

"साहेब लोकांना फोन लावतो," अखेर तो म्हणाला.

"मी लेखी कळवतो."

"काका!" तो एकदम चढ्या आवाजात बोलला. "तुमचं पत्र इन्शाल्ला करत पोचेपर्यंत मड खाली जाऊन आलेला असेल. सगळे नियम पाठ ना तुम्हाला? मग हा नाय वाचलात? रिगवर उभा असलेला कोणीपण 'थांबवा' म्हणाला, तर काम थांबवावंच लागतं. कुकनं म्हटलं तरी. पाहुण्यानं म्हटलं तरी."

तो नियम मी वाचला होता. तो मला लागू होतो, हे मात्र मनात आले नव्हते.

"मग तुम्हीच म्हणा ना."

"मी म्हटलं तर विचारतील, पाइप सोडताना कुठे गेला होतास? तुम्ही म्हटलं तर म्हणतील, म्हातारा वकील आला आणि अडला. तुमचं काय जाणार आहे? बोला."

मजल्यावर परत जाऊन, यंत्र चालवणाऱ्या माणसासमोर उभे राहून मी हात वर केला आणि म्हणालो, "स्टॉप." त्याने आधी प्रमुखाकडे पाहिले. प्रमुखाने मान डोलावली. फिरणारे पोलाद मंदावले आणि उभे राहिले. इतक्या पत्रांनी जे कधी घडवले नव्हते, ते एका शब्दाने घडताना पाहून मला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. आपण चुकलो असलो तर?

दुपारभर फोन चालले. मुख्यालयातल्या एका साहेबांचे म्हणणे असे की तक्ता मंजूर झालेला आहे, आणि मंजूर तक्त्यानुसार पाइप नियमात आहे. मी त्यांना सांगितले की तक्ता मंजूर झाला म्हणून पाणी वर सरकत नाही. हे मी फार मोठ्याने सांगितले. भूवैज्ञानिकाने शांतपणे पिशवीतल्या मातीबद्दल सांगितले, आणि त्याचाच उपयोग अधिक झाला. संध्याकाळी निर्णय आला: मिठाचा मड टाकीतच राहील, साध्या पाण्याच्या मडने चिकणमातीत शिरेपर्यंत खोदायचे, आतून दुसरा पाइप सोडायचा, त्याभोवती वरपर्यंत सिमेंट, पुन्हा तपासणी. कोणत्या अधिकाराने काम थांबवले, असे विचारणारा मेल मला आला. मी कलमाचा क्रमांक पाठवला. एका ओळीचे उत्तर लिहायची ती माझी पहिलीच वेळ.

फाटकाशी म्हातारा अजून उभा होता. मी त्याला जे झाले ते सांगितले. मोजमापातला फरक त्याला समजावताना मी हाताने मजला आणि वाळू दाखवली. तो हसला नाही, रागावलाही नाही.

"ये दूसरा पाइप कितना साल चलेगा?"

विहीर चालू असेपर्यंत, असे नियमात आहे. विहीर बंद करताना सिमेंटची बुचे कुठे ठोकायची, तेही आहे. पण त्यानंतर पोलाद गंजू लागले की किती वर्षे, हे मला कुठल्याच कलमात सापडलेले नव्हते. मी म्हणालो, "मालूम नहीं."

"अच्छा," तो म्हणाला. मी काही सांगितल्यावर त्याने मान हलवली ती त्या दिवशी पहिल्यांदाच.

दुसरा पाइप बसला, तपासला गेला, खारा मड खाली गेला. त्यानंतर एका शुक्रवारी मी आणि रिगचा प्रमुख इज्ब्यावर गेलो. म्हाताऱ्याने पंप सुरू करून हौद भरला आणि एका वयस्क सांडणीला पुढे आणले. ती सर्वांत चोखंदळ. पाण्यात फरक पडला तर हिला आधी कळते, असे तो म्हणाला. तिने हौदावर नाक फिरवले, मान वर केली, आमच्याकडे तुच्छतेने पाहिले. प्रमुखाने माझा दंड धरला. "पी गं बाई," तो पुटपुटला. मग ती वाकली आणि कितीतरी वेळ पीत राहिली.

"आज मीठा," म्हातारा म्हणाला. "तेरा नंबर दे."

तेव्हापासून शुक्रवारच्या नमाजानंतर त्याचा फोन येतो. 'आज मीठा' एवढे सांगून तो ठेवतो. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात, त्यांचे अहवाल माझ्याकडे येतात आणि मी ते बारकाईने वाचतो. पण शुक्रवारी दुपारी जेवताना फोन मी ताटाशेजारी ठेवतो, आणि बायको त्याला हरकत घेत नाही.

गेल्या शुक्रवारी फोन आला नाही. मी जेवलो, हात धुतले, वर्तमानपत्र उघडले, मिटले. शेवटी मीच लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर त्याने उचलला. मागे ढोल आणि माणसांचा गलका.

"पानी कैसा है?" मी विचारले.

"मैं भतीजे की शादी में है," तो ओरडून म्हणाला. "सुबह ऊँटनी ने पिया. मीठा है. यल्ला, खाना खा!"