विचारायचं नाही, सांगून जायचं

ऐन पंगतीत स्वयंपाक्यांना फिरायला पाठवणारी माझ्या मामीसारखी बाई जबलपुरात दुसरी झाली नाही, आणि धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर ते बरंच झालं. मामा गेल्यावर तिने शहरातल्याच गढा भागात मेस काढली, लग्नकार्याच्या ऑर्डरीही घेऊ लागली. दुपारी चार वाजले की आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाने फाटकाबाहेर पडायचं, हा तिथला नियम. कुठे जायचं हे ती सांगत नसे. जायचं, एवढंच. एका लांबलेल्या लग्नात हे चार नेमके पुऱ्या तळताना वाजले. नवरदेवाचे वडील पाणी मागायला मांडवामागे आले, तर मामीने त्यांच्या हातात झारा दिला. "जरा पाहा, करपू देऊ नका," म्हणून ती लाटायला बसली. त्या गृहस्थांनी फेट्यासकट घाणा काढला. पुढे मुलीच्या लग्नाची ऑर्डरही त्यांनी मामीलाच दिली, फक्त मुहूर्त सकाळचा धरला.

कामावरच्या माणसाचं कसलंही ओळखपत्र ती आपल्याजवळ ठेवून घेत नसे. तिचा आचारी वस्तू हरवण्यात पटाईत. त्याने हात जोडून विनवलं, "दीदी, आधार कार्ड आपके पास रख लो." मामी म्हणाली, "तुम्हारा काग़ज़ मेरी अलमारी में गया, तो समझो तुम भी गए." मग तिने त्याच्या सदऱ्याला आतून खिसा शिवून दिला. पहिल्याच आठवड्यात त्याने सदरा कार्डासकट धुतला. मामीने ते दोरीवर चिमटा लावून वाळवलं, पण कपाटात ठेवलं नाही.

तिच्याबरोबर बाजारात जाणं ही आणखी निराळी परीक्षा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, आणि सुटीच्या दिवशी पिशव्या धरायला मीच सापडे. पापडवाला असो, पत्रावळीवाला असो, टेबलक्लॉथ धुणारा असो, भाव विचारण्याआधी ती तिथल्या एखाद्या कामगाराला म्हणे, "चलो भैया, नुक्कड़ पे चाय पीते हैं." तो हात पुसून सहज निघाला तर माल घ्यायचा. मालकाने चहा आत मागवला, तर मामी रिकाम्या पिशवीने परत. तिचं पित्त या चहांनीच वाढलं, असं डॉक्टर म्हणत. एका पापडवाल्याने तर तिला लांबून पाहताच चपला घालून तयार उभा राहणारा माणूसच ठेवला होता. "बैठो भैया, तुम तो पीके आए लगते हो," म्हणत मामीने त्याला बसवलं आणि मागे भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला उठवलं.

"मामी, आपण हळद घ्यायला आलोय, तपासणीला नाही," मी एकदा कंटाळून म्हणालो.

"काहून रे पुस्तकवाल्या? हळदीतले खडे पाहून घेतो नं आपण? मग हे काहून नाही पाहाचं?"

घमापूरच्या एका मसालेवाल्याकडे आम्ही वर्षानुवर्षं जात होतो. त्याची माणसं हसत चहाला येत. एका हिवाळ्यात तिथे मिरच्यांची देठं खुडणारी नवी बाई दिसली. मंडल्याकडची, सुकवती नावाची. मामीने तिला चहाला बोलावलं. सुकवतीने आधी मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग फाटकाकडे, आणि पुन्हा देठं खुडू लागली.

"दीदी, चाय यहीं मंगवा देते हैं," मालक हसून म्हणाला.

"चाय नहीं पीनी. चलना है."

"इसका आदमी पेशगी लेके भाग गया. जब तक चुकती नहीं, ये यहीं रहेगी. खाना देते हैं, सोने की जगह देते हैं, और क्या?"

मामी रिकाम्या पिशवीने बाहेर पडली. रस्त्यात मी म्हणालो, उद्यापासून मसाला दुसरीकडून घेऊ. ती थांबली. "म्हणजे आपले हात धुतले गेले. अन् तिचं काय?"

दुसऱ्या दिवशी तिने सरकारी कचेरीत अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर होते. "येतीन तव्हा येतीन," म्हणत मामीने जवळच्या पाटण गावच्या मटाराचं पोतं बाकाशेजारी टेकवलं आणि सोलायला बसली. रोज हेच. शिपाई आधी रागावला, मग स्वतःच शेंगा घेऊन बसला. मग कामासाठी ताटकळणारी माणसंही. साहेब परतले ते टरफलांच्या ढिगासमोर.

"ये क्या है?"

"मटर है साहब. और घमापुर में एक औरत बंद है."

कुणी हसलं नाही. त्याच दुपारी आम्हाला घेऊन साहेबांची गाडी घमापूरला निघाली.

एवढी माणसं पाहून सुकवती कोपऱ्यात सरकली. मामीने पुन्हा तेच विचारलं, "चाय पीने चलें?" या वेळी ती उठली. नाक्यावर तिने ग्लास घेतला, पण प्यायली नाही. दोन्ही हातांत धरून येणारी-जाणारी माणसं पाहत राहिली. चहा निवला.

नवऱ्याने घेतलेली ती उचल, पेशगी, कायद्याने रद्द झाली, सुकवती गावी गेली. होळीनंतर ती आपणहून मेसमध्ये काम मागायला आली. पण चार वाजता उंबऱ्यावर अडायची. "दीदी, जाऊँ?" मागच्या खोलीत चमचा पडलेला ऐकू येणारी मामी तेवढ्यापुरती ठार बहिरी व्हायची. सुकवती पुन्हा विचारी, मामी पुन्हा बहिरी. शेवटी एक दिवस ओरडली, "पूछो मत! बता के जाओ!" ते विचारणं सुकवतीच्या तोंडातून जायला फार दिवस लागले.

या हिवाळ्यात मामी गेली. तिला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मेस उघडली. डब्यावर जेवणारी मुलं उपाशी राहिली असती. चार वाजले. कुणी हललं नाही. फाटकाशी तिची प्लास्टिकची खुर्ची होती तिथेच होती. आचारी माझ्याकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भैया, जाएँ?"

हो म्हटलं असतं, तरी मामीचं सगळं मोडलं असतं.

सुकवतीने पदराला हात पुसले. ती खुर्चीसमोर गेली. "दीदी, जा रही हूँ," म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडली. तिच्यामागून आचारी. मग एकेक करून सगळे, खुर्चीला सांगून.

मी दुधाखालचा गॅस बंद केला. फाटकाशी आल्यावर माझेही पाय थबकले.

"मामी, येतो," मी म्हणालो.