उसवण्यापुरतं कापड

आमच्या समोरच्या घरातले मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं त्यांनी पुरुषांचे कपडे शिवले. माझ्या यजमानांचे सगळे सदरे त्यांच्याच हातचे, म्हणून ते मला वहिनी म्हणत.

त्यांची बायको कॅन्सरच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात वारली. तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली. जेवायला बसले की दोन घास चिवडायचे आणि उठायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसतं तोंड कोरडं पडे. मला एकदा म्हणाले, "वहिनी, मी कधीच गेलोय. कुणी उचलत नाही, एवढंच."

असे सात महिने गेले. मग उरलेली औषधं परत द्यायला ते त्या वॉर्डात गेले. तिथे समोरच्या पुरुषांच्या वॉर्डातला एक पेशंट एका हाताने सलाईनचा खांब ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने घसरता पायजमा धरून होता. मास्तरांनी सिस्टरकडून सुईदोरा मागितला आणि बाकावर बसून कंबर आत घेऊन दिली. त्या रात्री ते सकाळी सातपर्यंत झोपले. माझ्या रोजनिशीत तारखेसह नोंद आहे, कारण त्यांची सून मला विचारायला आली होती, "काकू, बाबा उठत नाहीत, बघता का जरा?"

पुढे दर मंगळवारी ते हाताचं मशीन घेऊन जाऊ लागले. आजारी माणूस झडत जातो आणि कपडे तेवढेच राहतात. मास्तर ते मापाचे करून देत. सून टोमणा मारी, "तिकडे फुकट शिलाई, आणि माझ्या ब्लाउजला बाही लावायला सहा महिने!" मास्तर म्हणत, "तुझ्या ब्लाउजने मला झोप लागणार असेल तर आण." पण ते जेवू लागले होते, म्हणून तीही गप्प बसे.

त्यांची एक पद्धत होती. आत घेतलेलं कापड ते कधी कापत नसत. शिवणीत दुमडून ठेवत आणि प्रत्येकाला कपडा उलटा करून दाखवत, "हे बघा, सगळं आत आहे. अंगावर मांस चढलं की उसवून देतो." वॉर्डातला प्रत्येकजण हे वाक्य ऐकून होता.

मी अधूनमधून बटणं लावायला बरोबर जाई. म्हणून ड्रायव्हरचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं.

तो बसचा ड्रायव्हर होता. सहा फूट उंच, आवाज हॉर्नसारखा. त्याची खाकी पँट मास्तरांनी तीनदा आत घेतली होती. चौथ्यांदा त्याने स्वतःच आणून दिली. "मास्तर, गुरुवारी डेपोत जाऊन येणार आहे. डॉक्टरांनी दोन तासांची सुटी दिलीय. मित्रांसमोर पँट सुटली तर आजारापेक्षा तेच लक्षात राहील त्यांच्या!"

मास्तरांनी माप घेतलं. तीनदा दुमडलेल्या कापडाची जाड वळकटी झाली होती आणि ती ड्रायव्हरच्या कमरेच्या हाडावर घासत होती. कातडी सोलली होती. मास्तरांनी ती जखम पाहिली. मग त्यांनी कात्री घेतली, आतलं कापड साफ कापलं आणि सपाट टीप मारली. जखम चिघळू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. उसवण्याचं मलाही आठवलं नाही.

ड्रायव्हरने पँट हातात घेतली आणि सवयीने उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, कापड कुठंय?"

"टोचत होतं तुम्हाला. जखम झालीय तिथे."

"ते कळलं. पण कापड कुठंय?"

मास्तरांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी खाली पडलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. ड्रायव्हरनेही पाहिलं.

"म्हणजे उसवायची वेळ येणार नाही," तो म्हणाला. आवाज अगदी लहान होता. "डॉक्टर सांगत नव्हते. तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

मास्तरांनी पट्ट्या गोळा केल्या. तासभर खपून जोड देऊन पुन्हा शिवल्या. ड्रायव्हरने पँट घेतली, घडी करून उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. गुरुवारी तो डेपोत गेला नाही. त्याचे मित्रच भेटायला आले, तर झोपल्याचं सोंग घेतलं. त्याची बायको सिस्टरला विचारत होती, "काल-परवापर्यंत हसत होते हो, अचानक काय झालं?" नवव्या दिवशी तो गेला.

पुढचे तीन मंगळवार मास्तर घरीच होते. पुन्हा ताटात चिवडणं, पुन्हा जागरण. मुलाने समजूत घातली, "बाबा, तो वाचणारच नव्हता." मास्तर म्हणाले, "ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं." दंडाची कातडी पुन्हा लोंबू लागली. मी सुनेला म्हटलं, हे असंच चाललं तर तुझे सासरे वर्ष काढणार नाहीत.

शेवटी सिस्टरचा फोन आला. "मास्तर, रागावलात की काय? तिघांचे पायजमे मी बँडेजने बांधलेत."

मास्तर माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "पाय तिकडेच ओढतात, वहिनी. मी काही त्या पेशंटांसाठी जात नाही. मला झोप लागते म्हणून जातो. माझ्या झोपेपायी त्या माणसाचे शेवटचे नऊ दिवस गेले."

मी म्हटलं, "आणि बँडेजने बांधलेल्या तिघांचं काय?"

"तेच तर," ते म्हणाले, आणि मशीन उचलायला गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा मी दारातच होते. विचारलं, "कुणी काही बोललं?"

"नाही. ड्रायव्हरच्या खाटेवर नवा माणूस आलाय. कंबर अठ्ठावीस. उसवून देतो, असं मी म्हटलं नाही. माप घेतलं, शिवून दिलं."

"आणि जेवण?"

"भूक लागलीय," मास्तर म्हणाले. चोरी कबूल करावी, तसं. आणि चप्पल काढून आत गेले.