मीठ आणायला गेलेला चोर

येरमाळ्याच्या स्टँडवर उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास आला, की मला सहावीचा तो वर्ग आठवतो. 'हातावर तुरी देणे' हा वाक्प्रचार घेऊन मी पोरांना विनोदी गोष्ट लिहायला लावली होती, अर्थ मुद्दाम न सांगता. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी, तिच्या बोलण्याला सगळे हसतात म्हणून वर्गात कधी तोंडच उघडायची नाही. त्या दिवशी मात्र उठली आणि खाली मान घालून वाचू लागली, "चोरानं पोलिसाच्या हातावर तुरी दिल्या. पोलीस म्हनला, लई कवळ्या हायत, मीठ न्हाय व्हय? चोर म्हनला, आनतो की सायेब. आन् गेला तो गेलाच." सगळा वर्ग खो खो हसला. ती रडकुंडीला आली, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आन् पोलिसाचं काय झालं गं? सांग की!" तिनं मान वर केली. "बसलाय आजून शेंगा सोलत," ती म्हणाली आणि आता स्वतःच हसली. अर्थ मला सांगावाच लागला नाही. परवा, कित्येक वर्षांनी, त्या शाळेतल्या सहावीच्या वर्गात सहज डोकावलो. एक बाक रिकामा दिसला म्हणून विचारलं, "इथं बसणारा कुठं गेला रे?" तर तिला कधी न पाहिलेली ती पोरं एका सुरात म्हणाली, "मीठ आनाया गेलाय, सर!"