मंगळवार-शुक्रवारचं कोडं

सुडोकू मी पेन्सिलीनं सोडवते आणि अंदाज करत नाही. म्हणजे अजिबात नाही. एखाद्या घरात चार किंवा सात येऊ शकतो असं दिसलं की लोक चार टाकून बघतात, आणि निभावलं तर कोडं सुटलं म्हणून मोकळे होतात. मला ती लबाडी वाटते. गणित शिकवून शिकवून माझा स्वभाव असा झाला, की स्वभावच असा म्हणून मी गणिताकडे गेले, कोण जाणे.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत वर्तमानपत्रातल्या कोड्यावर दोघींचा हक्क असायचा, माझा आणि इंग्रजीच्या बाईंचा. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, नातेपुत्याकडची. वर्गात झकास इंग्रजी बोलते, पण डबा उघडला की तिची भाषा थेट गावाला जाते. ती पेननं सोडवायची. हितं आठच येणार, मला दिसतंय की, असं म्हणून आकडा ठोकून द्यायची. का येणार हे विचारलं की भाकरीचा तुकडा तोंडात टाकायची. तिचा आकडा बहुतेक वेळा बरोबर निघायचा, याचा मला जास्त राग यायचा.

मी तिला रीत लावायचं ठरवलं. आधी जोडी शिकवली. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त दोन आणि सहा हेच आकडे बसत असतील, तर कुठला कुठे हे नाही कळलं तरी चालतं. ती दोन घरं त्या दोघांनी अडवली, म्हणून ओळीतल्या बाकी घरांतून दोन आणि सहा बाद. मग आयत. एखादा आकडा दोन आडव्या ओळींत नेमक्या त्याच दोन उभ्या रांगांमध्ये बसू शकत असेल, तर चार कोपरे जोडून आयत होतो, आणि त्या उभ्या रांगांतल्या इतर घरांतून तो आकडा काढून टाकता येतो. शेवटी साखळी. इथे दोन धरला तर तिथे पाच येतो, तिथे पाच आला तर पलीकडे नऊ, असं जाता जाता एकाच ओळीत दोन नऊ आले की समजायचं, सुरुवातीचा दोन खोटा. हा अंदाजच की, असं ती म्हणायची. मी म्हणायची, ही सिद्धता आहे. यावर आमची कितीतरी भांडणं झाली आणि डबे तसेच गार झाले.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती कोड्याला बसलीच नाही. सुट्टीत तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला डायलिसिस. वेळ बदलून मिळत नाही, त्याला एकट्याला जाता येत नाही आणि घरात तिसरं माणूस नाही. तिला त्या दोन दिवशी पहिले चार तास घेऊन मधल्या सुट्टीत निघता आलं तरच नोकरी टिकणार होती. कमावती तीच.

शाळेचं वेळापत्रक अठरा वर्षं मी करते. पूर्वी पुठ्ठ्यावर करायचे, दोन वर्षांपासून संगणकावर. शिक्षक, वर्ग, विषय भरायचे, जे तास हलवता येत नाहीत त्यांना कुलूप घालायचं आणि बटण दाबायचं. मी तिच्या अटी घालून बटण दाबलं. लाल अक्षरांत आलं, ही मांडणी शक्य नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत, पण मशीनच नाही म्हणतंय हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिनं नुसती मान हलवली आणि सोमवारी राजीनाम्याचा अर्ज आणते म्हणाली.

मला भयंकर राग आला, मशीनचा आणि तिच्या मान हलवण्याचाही. शक्य नाही म्हणता, तर का नाही ते दाखवा. कारण न देता नाही म्हणणं म्हणजे पेननं आठ ठोकण्यातलाच प्रकार. मी सगळा तक्ता मोठ्या कागदावर छापून घेतला आणि रविवारी जेवणं उरकल्यावर पेन्सिल घेऊन बसले. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि नेमकं त्या दुपारी आलं. नवऱ्यानं एकट्यानं भरलं. दोनदा बादली जरा जोरात आपटली.

प्रत्येक रिकाम्या चौकोनात मी बारीक अक्षरात लिहिलं, इथे कोण बसू शकतं. मग खोडत गेले. तिला मंगळवारी पहिल्या चार तासांत आठवी, नववी आणि दहावी असे तीन वर्ग घ्यायचे होते. संस्कृतच्या बाई दुसऱ्याही शाळेत शिकवतात, आमच्याकडे पहिल्याच तासाला येतात आणि आठवी-नववी एकत्र घेतात. चौथ्या तासाला त्या दोन्ही वर्गांचं मैदान. म्हणजे आठवी आणि नववीचं इंग्रजी दुसऱ्या आणि तिसऱ्यातच बसणार. जोडी. तेवढी दोन घरं गेली. दहावीला उरले पहिला आणि चौथा. चौथ्याला त्यांचं विज्ञानाचं प्रात्यक्षिक, कारण प्रयोगशाळा तेव्हाच मोकळी. उरला पहिला. शुक्रवारीही हेच. आणि दोन्ही दिवशी पहिल्यावर कुलूप होतं. दहावी, गणित. माझा तास.

कोड्यात छापलेला आकडा खोडायचा नसतो. पण हे कुणी छापलं होतं? प्रयोगशाळेची वेळ कुणाला हलवता येत नव्हती, संस्कृतच्या बाईंचीही नाही. दहावीचं गणित पहिल्या तासाला असावं हे मात्र मीच ठरवलेलं, मुलांची डोकी तेव्हा ताजी असतात म्हणून. अठरा वर्षं दर जूनमध्ये मी सगळ्यात आधी ते कुलूप घालत आले आणि ते मी घातलंय हेच विसरून गेले होते.

मला तो तास सोडायचा नव्हता. वर्षातली सगळी अवघड गणितं मी पहिल्या तासाला शिकवते. मोकळी जागा होती ती आठव्या तासाला, पाच वाजता, पत्र्याच्या खोलीत, जेव्हा निम्मा वर्ग पेंगत असतो. बोर्डात गणिताचा निकाल घसरला तर बोलणी मला बसणार. म्हणून मी आणखी तासभर दुसरी वाट शोधली. मैदान हलवून पाहिलं, ते सहावीवर आदळलं. प्रात्यक्षिक हलवून पाहिलं, ते प्रयोगशाळेच्या दारातच अडलं. प्रत्येक साखळी फिरून माझ्याच तासापाशी येत होती. दुसऱ्या कुणाचा तास असता तर मी पाच मिनिटांत हलवला असता आणि वर सुनावलंही असतं. शेवटी खोडरबर घेतलं आणि मंगळवार-शुक्रवारचा पहिला तास पुसला. आठव्यात गणित लिहिलं. मग सगळा तक्ता पहिल्यापासून तपासला. कुठेही टक्कर नव्हती.

सोमवारी प्रार्थनेआधी ती शिक्षक-खोलीत आली तेव्हा अर्ज तिच्या पर्समध्ये होता. मी कागद तिच्यापुढे पसरला. तिनं वरून खाली काही वाचलं नाही. तिचं बोट सरळ मंगळवारच्या पहिल्या तासावर गेलं आणि तिथून शुक्रवारच्या. मी उत्साहानं जोडी समजावून सांगायला लागले, आठवी-नववी इथे अडकतात, मग दहावीला एकच घर उरतं. तिनं मला मधेच थांबवलं.

"मला ते पयल्याच दिवशी दिसलं हुतं, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा पयला तास कोण मागणार? त्यापेक्षा नोकरी सोडायचं सोपं वाटलं."

ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. पण ती सहज बोलली, सगळ्या शाळेला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी.