वनमंत्र्यांची कायाक

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच राहिली नाही, कारण तिथे माझ्या मेव्हण्याची कायाक राहत असे. ती निमुळती होडी उन्हाळ्यात दोन-चारदा पाण्यात जाई, आणि माझी गाडी कॅनडातल्या केंब्रिजचा अख्खा हिवाळा ड्राइव्हवेवर बर्फाखाली काढी. "भाऊजी, गाडीला थंडी वाजत नाही," असं तो मलाच समजावी. मी त्याला वनमंत्री म्हणत असे. थाट मंत्र्याचा आणि मुक्काम आमच्या बेसमेंटमध्ये.

नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेला हा गृहस्थ गावाबाहेरच्या एका निसर्गकेंद्रात शाळेच्या पोरांना झाडं-पाखरं दाखवायचा. नोकरी हंगामी. 'यंदा पर्मनंट करतायत' हे दर वर्षी ऐकून माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या ताईने, गुरुवार धरले होते.

दिवसभर पोरांना "फांदी मोडू नका, तिला लागतं" म्हणणारा हा महात्मा संध्याकाळी टीव्हीसमोर बसे आणि गेममध्ये कुऱ्हाड घेऊन जंगलंच्या जंगलं आडवी करी. मी टोकलं तर म्हणाला, "भाऊजी, ती झाडं उद्या परत येतात." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, दुसरं काय?

"जरा थांबा, येईल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. येणार कोण, तर चिकॅडी. चिमणीहून लहान, काळ्या टोपीचं पाखरू. तळहातावर सूर्यफुलाच्या बिया ठेवून गप्प उभं राहिलं की ते हातावर येऊन बसतं म्हणे. एका रविवारी त्याने मलाही असं उभं केलं. नाकाचा बर्फ झाल्यावर पाखरू आलं, बी उचलली आणि गेलं.

"नखं लागली ना?" तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच उभं राहायचं, भाऊजी."

लागली होती. त्याला मी "थंडीने बोटं बधिर झालीत" एवढंच सांगितलं.

शेवटी एकदाची पर्मनंट जागा निघाली. इंटरव्ह्यू म्हणजे एक वर्ग घेऊन दाखवायचा. याच्या गाडीला विंटर टायर्स नाहीत, म्हणून सोडायला मी गेलो आणि मागे उभा राहिलो. सगळी पोरं प्रसादाला उभी असल्यासारखी हात पसरून गप्प. पाखरू येईना. परीक्षक बाई दोनदा म्हणाल्या, "मेबी वुई मूव्ह ऑन?" दुसरा कुणी असता तर चार गमतीच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेली असती. आमचे वनमंत्री हळूच म्हणाले, "जस्ट वेट. शी विल कम." पोरांना न्यायला बस आली, तरी ती आली नाही. जागा दुसऱ्याला मिळाली.

"तोंड उघडलं असतंस तर काय बिघडलं असतं?" परतताना मी विचारलं.

"आवाजाने ती आली नसती, भाऊजी."

"तशीही आली नाही."

"हो," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला रडू येईल इतका त्याचा राग आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेला. गेम बनवणारी कंपनी, राहायला कॉन्डो, दातांचासुद्धा इन्शुरन्स. बायकोने पेढे वाटले. आता फोन केला की, "भाऊजी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करू?" जो माणूस एका पाखरासाठी तास-तास थांबायचा, त्याला दोन मिनिटं थांबवत नाही. कायाकचं विचारलं तर म्हणाला, "विकून टाका ना." हे वाक्य ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो. पण चांगलं गिऱ्हाईक मिळत नाही, असं मी बायकोला सांगतो. गाडी बाहेरच असते.

गेल्या हिवाळ्यात त्याने माझ्या मुलीला कंपनीचा नवा गेम पाठवला. त्यातलं जंगल मामाने केलंय, म्हणून तिने मला शेजारी बसवलं. पडद्यावर बर्फ, झाडं, आणि पुढे पसरलेला हात. मी सवयीने म्हणालो, "जरा थांब, येईल."

"यू डोन्ट हॅव टू वेट, बाबा. जस्ट प्रेस धिस."

बटण दाबताच काळ्या टोपीचं पाखरू हातावर येऊन बसलं. "फील इट," म्हणत तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला. तो मिक्सरसारखा घरघरला. पाखराचे पाय असे लागत नाहीत, हे त्या गाढवाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.