ओटीवालीने ताट मागे घेतलं

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगते. लातुरात बारावीच्या क्लासला मी बायॉलॉजी शिकवते. अंगात येणं, नजर लागणं यांची वर्गात यथेच्छ टर उडवते. तरीही लिहितेय...

गेल्या वर्षी आईला घेऊन माहूरला गेले होते. आई सहासष्ट वर्षांची. सकाळचे दहा, लख्ख ऊन. पायऱ्यांशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी देवीच्या ओट्या विकत बसली होती. आईने हात पुढे केला, तशी तिने ताट मागे ओढलं.

"तुमाला न्हाई देत, माय. तुमाला अडचण हाय."

मला हसूच आलं. "अहो मावशी, आईची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली."

आई हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"दोन महिने झाले, थोडं थोडं अंगावरून जातंय," ती खाली बघत म्हणाली. "या वयात सांगू कुनाला? लाज वाटली."

फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढून शिकवणारी मी, आणि घरातलंच मला कळलं नव्हतं. स्वतःचा फार राग आला.

दर्शन राहिलं. परतताना नांदेडला डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली — गर्भाशयाच्या अस्तरावर पॉलिप. "बहुतेक पॉलिप साधेच असतात. पण पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर काढून तपासायलाच हवा." तपासला. त्यात कॅन्सरची सुरुवात होती. गर्भाशय काढलं, कॅन्सर बाहेर पसरला नव्हता. आई वाचली.

म्हातारीने ओळखलं कसं? आईचा फिकट रंग, अवघडलेली चाल... अशी मी मनाची समजूत घातली.

काल राहिलेली ओटी भरायला पुन्हा गेलो. तीच म्हातारी, तीच जागा. आईला तिने हसून ओटी दिली. मग मी हात पुढे केला — आणि ताट मागे गेलं.

"तुमी नगा घेऊ. अडचण हाय."

माझी पाळी थांबून दोन वर्षं झालीत. रक्त नाही, दुखणं नाही, काही म्हणजे काही नाही. आईने वाद घातला नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "उद्या सकाळी नांदेड."

याचा अर्थ मला लावता येत नाही. नांदेडच्या दवाखान्यात बाकावर बसून हे मोबाइलवर लिहितेय... भीती वाटतेय. आई शेजारीच आहे. रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म दिला. 'तक्रार' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडून राहिलं.

शेवटी एकच शब्द लिहिला — अडचण.